कोर्लईत नापास

कोलशेत, ठाणे
६ फेब्रुवारी १९९४

सौ. हेमा इनास रोशा हिस,

या दोन हातांनी मी केलेल्या वस्तू पुढीलप्रमाणे. दोन बँडचा रेडिओ, भंगारातल्या व्हॉल्व्हवर, सन १९७१, अजून चालतो. त्याची एरियल, म्हणजे दारातल्या दोन माडांमध्ये ताणलेली तांब्याची तार. एका वादळात माड वाकला, तार तुटली नाही. तुझ्या आजोबांच्या होडीचं सुकाणू, सागवानी. स्वयंपाकघरातली मांडणी. तुझी शाळेची पत्र्याची पेटी, जिचे चारही कोपरे कानशीने घासून गोल केले होते, म्हणून ते कधी कोणाला लागले नाहीत. पोर्तुगीज-मराठी शब्दकोश, हस्तलिखित, तीन वह्या. आणि प्लायवूडवर सहा फूट बाय चार फूट जगाचा नकाशा, ज्यात पोर्तुगीज भाषा जिथे जिथे बोलली जाते तिथे तिथे दिवा लागतो.

यादी देण्याचं कारण असं की तू आईला लिहिलंस, बाबांना तोडता येतं, जोडता येत नाही. पत्र आईच्या नावाचं होतं. पण तुझ्या आईला वाचता येत नाही हे तुला ठाऊक आहे, म्हणजे ते मीच मोठ्याने वाचणार हेही ठाऊक होतं. वाचलं. ते वाक्यसुद्धा वाचलं, गाळलं नाही. तुझी आई म्हणाली, "पोरीचं काय चुकलं?" आणि भाकऱ्या थापायला गेली.

तुझ्या मनात अजून तो गणपतीतला प्रसंग आहे. तो जसा घडला तसा एकदा कागदावर असावा. १९९१ चा गणपती. देखाव्यासाठी मी मखराच्या मागे नकाशा लावला होता. लोक विचारत होते, गणपतीला पोर्तुगीज कशाला? मी म्हणत होतो, विद्येची देवता आहे, तिला कसली अडचण? मी एकेक बटण दाबून दाखवत होतो. पोर्तुगाल, ब्राझील, अंगोला, मोझांबिक, गिनी-बिसाऊ, केप व्हर्दे, साँव तोमे. हे सात स्वतंत्र देश. मग मकाव, मग पूर्व तिमोर, मग गोवा-दमण-दीव यांना मिळून एक. तेव्हा आमच्या कारखान्यातला तो अप्रेंटिस पोरगा, तीसेक माणसांसमोर, म्हणाला, "काका, यात आमचं कोर्लई नाही. माझी आई घरात पोर्तुगीज बोलते."

मी त्याला काय केलं? लिस्बन रेडिओने मला पाठवलेली कार्यक्रमाची पुस्तिका दिली आणि म्हटलं, वाच. एवढंच. त्याला वाचता आलं नाही. म्हणाला, "आम्ही बोलतो काका, वाचत नाही." मी म्हटलं, जी वाचता येत नाही ती भाषा नव्हे, सवय. लोक हसले. मी हसलो नव्हतो. तू प्रसादाचं ताट घेऊन उभी होतीस आणि ताट तिथेच ठेवून आत गेलीस.

दावा केला तर पडताळणी होणार. ती माझी रीत आहे. तू पुढे त्याच्याशी लग्न करशील हे त्या दिवशी मला माहीत असतं, तरी पुस्तिका मी दिलीच असती.

तुझी आई बरी आहे. गुडघा दुखतो.

गुणाजी तांडेल

*

कोलशेत
२२ मे १९९४

हेमा,

बातमी कळली. तुझ्या आईने शेजारच्या शेवंतीकडून दोनदा वाचून घेतली आणि मग माझ्याकडून तिसऱ्यांदा, मी कुठला शब्द खातो का ते बघायला.

पहिलं बाळंतपण माहेरी होतं. हे मी सांगत नाही, रीत सांगते. आतली खोली रिकामी केली आहे. रेडिओचं सामान पडवीत हलवलं. खिडकीला जाळी बसवली, खाडीकडून मच्छर फार येतात. आता कारखान्यांच्या पाण्याने खाडीत मासा उरला नाही, मच्छर मात्र वाढले.

इनास विचारतो, म्हणे, तुझ्या बाबांनी पोर्तुगीजच का शिकली? तू आजवर कधी विचारलं नाहीस. सांगतो. रेडिओ पहिल्यांदा लागला त्या दिवशी मी काटा फिरवत होतो. एका जागी बाईचा आवाज आला, घाईघाईचा, नाकातून बोलल्यासारखा, आपल्या बंदरावर बायका टोपली डोक्यावरून उतरवताना बोलतात त्या लयीत. काही कळत नव्हतं. आणि मधेच स्पष्ट ऐकू आलं, 'सबांव'. मी म्हटलं, ही साबण म्हणते आहे. पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला कोणी बाई साबणाची जाहिरात करते आणि कोलशेतच्या कोळ्याला कळते. मी तुझ्या आईला हाक मारली. ती म्हणाली, "साबण संपलाच आहे, आणा."

मग आमच्या स्टोअरमधले गोव्याचे एक जण निवृत्त झाले, त्यांनी शाळेतलं व्याकरण दिलं. बाकी सगळं कानाने. पगार, चावी, पिंप, घमेलं, मेस्त्री, नाताळ, सगळं त्यांचं. आपल्या बंदरावर मासळीचा लिलाव होतो तो लिलावसुद्धा. मी हे सांगितलं तेव्हा तुझी आई म्हणाली होती, "मग पगारवाढपण त्यांच्याकडेच मागा."

विचार कर, हेमा. पोर्तुगाल आपल्या महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्शाहून लहान. माणसं आपल्यासारखीच, मासे मारणारी, मीठ पिकवणारी. ती शिडावर निघाली आणि आज एकट्या ब्राझीलमध्ये पंधरा कोटींच्या वर लोक ती भाषा बोलतात. केप व्हर्देच्या बेटांवर पाऊस पडायची मारामार, तिथे ती टिकली. अंगोलात लढाई चालू आहे, तिथे दोन्ही बाजू एकमेकांना तिच्यातच शिव्या देतात. साँव तोमे इतकं लहान की नकाशात दिव्याखाली झाकलं जातं. त्यांनी जुलूमही केला, हे मला माहीत आहे, त्याचीही नोंद वहीत आहे. पण भाषेची ही झेप बघितली की मी आजही उठून उभा राहतो.

तुझं उत्तर यावं.

बाबा

*

कोलशेत
३ जुलै १९९४

हेमा,

तुझी अट वाचली. जशी आहे तशी उतरवतो, म्हणजे पुढे वाद नको: 'बाबांनी कोर्लईला येऊन सासूबाईंच्या हातचं जेवावं आणि त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलावं. मगच मी माहेरी येईन. नाहीतर बाळंतपण इथेच.'

यायला माझी हरकत नाही. पण रविवार मोकळा नसतो. कल्याणच्या बाजारात भगवानशेठ म्हणून काजूचे व्यापारी आहेत. मोझांबिकमधली लढाई थांबल्यापासून ते बेइरा बंदरातून कच्चा काजू मागवतात. तिकडून येणारे फॅक्स पोर्तुगीजमध्ये असतात. ते मी वाचून देतो आणि उत्तर लिहून देतो. शेठ मला दलालांसमोर 'आमचे पोर्तुगीज साहेब' म्हणतात. मी हरकत घेत नाही.

तेव्हा येणं लांबेल असं दिसतं. मधल्या काळासाठी सोबत एक प्रश्नावली जोडली आहे. चाळीस प्रश्न आहेत. घर, पाणी, तांदूळ, मीठ, काल, उद्या, मी गेलो, तू ये, असे. तुझ्या सासूबाई काय म्हणतात ते तू समोरच्या रकान्यात देवनागरीत लिहावंस. उच्चार लिहिताना काळजी घ्यावी. दोन आठवड्यांत परत पाठवल्यास बरं. म्हणजे मी येण्याआधी त्यांच्या बोलण्यात मूळ पोर्तुगीज किती आणि इतर किती याचा अंदाज येईल आणि मला बोलणं सोपं जाईल.

तुझ्या आईने सुकट पाठवायची म्हटलं होतं, पण टपालात वास येतो म्हणून मी नको म्हटलं. ती तिने तशीच बांधून ठेवली आहे.

बाबा

*

कोलशेत
२८ ऑगस्ट १९९४

चि. हेमा,

प्रश्नावली परत मिळाली. कोरी. वर हळदीचे डाग. तू लिहिलंस, 'सासूबाई म्हणाल्या, मी शाळेत गेले नाही ते परीक्षा चुकवायलाच. विचारायचं असेल त्याने येऊन विचारावं. उपाशी येऊ नये आणि पेन आणू नये.'

ही काही शास्त्रीय पद्धत नव्हे. तरी कागद मी फायलीत लावला आहे.

दरम्यान मी एक काम हाती घेतलं. वाचनालयातल्या जुन्या गॅझेटियरमध्ये कोर्लईचा किल्ला सापडला. पोर्तुगीज तिथून १७४० मध्ये गेले. गेले ते गेलेच. म्हणजे अडीचशे वर्षं त्या गावाला त्यांचा गव्हर्नर नाही, शाळा नाही, छापखाना नाही. बाकी माझ्या नकाशातल्या प्रत्येक दिव्यामागे काहीतरी आहे. सरकार, रेडिओ, निदान एखादं कोर्ट. इथे काय आहे? मी पुष्कळ शोधलं. काही नाही. भाताची खाचरं आणि शे-दोनशे घरं.

मग मी म्हटलं, दिवा लावून बघायला हरकत नाही. मोजमाप केलं. नकाशात एक इंचाला साडेपाचशे किलोमीटर पडतात. कोलशेत ते कोर्लई सरळ रेषेत ऐंशी, म्हणजे इंचाचा सातवा भाग. होल्डरला भोक लागतं अर्ध्या इंचाचं. तेव्हा कोर्लईला भोक पाडलं की त्यात आपलं घरही जातं, दुसरा इलाज नाही. दोन दिवस मी ड्रिल हातात घेऊन उभा होतो. तुझी आई म्हणाली, "पाडा की. पोर तिथे, आपण इथे, एकाच भोकात राहू."

पाडलं. वायरिंग आतून केलं आहे. दिसत नाही.

तुला सहावा लागेल आता. पायऱ्या जपून.

बाबा

*

कोलशेत
२३ ऑक्टोबर १९९४

चि. हेमा,

तू डॉक्टरांकडून परत आलीस तेव्हा तुझ्या सासूबाईंनी, दुमिंगाबाईंनी, सांगितलंच असेल की गुरुवारी मी येऊन गेलो. त्यांची हकीकत एक आणि माझी वेगळी असं होऊ नये म्हणून लिहितो.

रजा टाकली होती. आधी कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर तुम्ही तयारी केली असती. ठाण्याहून पहाटेची एस.टी., अलिबागला बदलून रेवदंडा, तिथून पुढे खाडीपलीकडे. गावात शिरलो तर एक म्हातारा भेटला, त्याने न विचारता तुमचं घर दाखवलं. म्हणाला, "हेमाचे बाबा ना? नाकावरून कळलं." माझं नाक तुझ्यासारखं नाही. तुझं माझ्यासारखं आहे.

दुमिंगाबाई अंगणात भात वाळत घालत होत्या. मी तीन आठवडे एक वाक्य तयार करत होतो. शुद्ध, लिस्बनचे उच्चार, आदरार्थी क्रियापद. दारात उभा राहून चप्पल काढून मी ते म्हटलं. त्याचा अर्थ, बाईसाहेब, आपल्या घरी येण्याचा मान मला लाभला याबद्दल मी आपला ऋणी आहे.

त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. मग मराठीत म्हणाल्या, "तुम्ही रेडिओसारखं बोलता."

मी म्हटलं, रेडिओवरूनच शिकलोय.

"तरीच. आत कोणी माणूस दिसला नाही मला बोलण्यात." मग म्हणाल्या, "पोरांची परीक्षा घेणारे बाबा ते तुम्हीच?"

"मीच."

"मग बसा. आधी जेवा. उपाशी माणसाची परीक्षा मी घेत नाही."

जेवायला तांदळाची भाकरी, सुकी मांदेली आणि कोकमाचं सार. मांदेली आपल्यापेक्षा तिखट, पण तळणं बरोबर. हे तुझ्या आईला सांगू नकोस. मी जेवत असताना त्यांची शेजारीण आली, वयाने तेवढीच. आणि दोघी बोलायला लागल्या.

हेमा, मी काय ऐकलं ते मला नीट लिहिता येत नाही, आणि असं माझ्याबाबतीत क्वचित होतं. सुरुवातीला काहीच कळलं नाही. मग एखाद्या गर्दीत ओळखीचा चेहरा दिसावा तसा एक शब्द दिसला, घराचा. मग पाण्याचा. सगळे शब्द झिजलेले, पाट्यावर वरवंटा गुळगुळीत होतो तसे, टोकं गेलेली, पण दगड तोच. क्रियापदं मराठीसारखी मागे जाऊन बसलेली. माझ्या व्याकरणाच्या पुस्तकातली अर्धी प्रकरणं त्यांनी केव्हाच टाकून दिली आहेत आणि त्यांचं काही अडलेलं नाही. मधेच दुमिंगाबाई कोंबडीवर ओरडल्या, त्याच भाषेत. कोंबडी वळली. मी तेवीस वर्षं ही भाषा ऐकतो आहे, पण तिने कोणाला अंगणातून हाकललेलं कधी ऐकलं नव्हतं. रेडिओत बातम्या असतात.

मी विचारलं, तुमच्या आईनेच शिकवली का? दुमिंगाबाई म्हणाल्या, "शिकवायची कशाला? आई बोलायची, मी ऐकायची. तिची आई बोलायची. फिरंगी गेले तेव्हा किल्ल्यातलं सगळं नेलं, तोफांचे गोळे नेले. हे न्यायचं राहिलं."

म्हणजे ब्राझीलला राजा गेला, अंगोलाला फौज गेली, मकावला व्यापारी बसले, आणि इथे फक्त चुलीपुढे बसलेल्या बाया. एका चुलीकडून दुसऱ्या चुलीकडे, अडीचशे वर्षं. माझ्या सगळ्या नकाशात याच्याइतकं मोठं काही नाही. हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "सार घ्या अजून."

जेवण झाल्यावर परीक्षा झाली. त्या बोलायच्या आणि मी मराठीत अर्थ सांगायचा. दहा वाक्यं. माझी तीन बरोबर आली. शेजारीण हसून हसून खांबाला टेकली. दुमिंगाबाई म्हणाल्या, "नापास. पण बसायची तयारी आहे पोराची." मला त्रेपन्न पूर्ण झाली आहेत.

मग दोघी एकमेकींना काहीतरी म्हणाल्या, त्यात तुझं नाव आलं आणि बापाचा शब्द आला. पुढचं मला कळलं नाही आणि विचारायचं धाडस झालं नाही.

त्या म्हणत होत्या, थांबा, पोरं चारला येतील. पण मला साडेतीनला निघणं भाग होतं, पुढे ठाण्याची गाडी नव्हती. तुझी आई म्हणते, अलिबागहून रात्री आठलाही गाडी आहे, शेवंतीचा भाऊ तीच पकडतो. असेल. वेळापत्रकं बदलतात.

तुझ्या अटीतली दोन्ही कलमं पुरी झाली आहेत असं मी समजतो.

बाबा

*

कोलशेत
२० नोव्हेंबर १९९४

चि. हेमा,

तुझं पत्र बुधवारी आलं. तू लिहिलंस की त्या दिवशी सासूबाई शेजारणीला म्हणाल्या ते असं होतं: 'हेमाचा बाप चांगला आहे, फक्त घाबरला आहे.' मी घाबरलो नव्हतो. मला एस.टी. लागली होती. पण वाक्याची रचना पुन्हा पुन्हा बघितली आणि वहीत घेतली. शब्दकोशाची चौथी वही सुरू केली आहे, तिच्यातलं हे पहिलं वाक्य.

तुझ्या नव्या अटीही वाचल्या. एक, तू शनिवारी तीन डिसेंबरला येशील, इनास सोडायला येईल. मान्य. त्याला म्हणावं दोन दिवस राहा, रेडिओची एक कॉइल गुंडाळायची आहे, त्याचा हात स्थिर आहे, कारखान्यात मी पाहिलेला आहे. दोन, दुमिंगाबाई बरोबर येतील आणि बाळाचे कान टोचेपर्यंत राहतील. मान्य. तुझ्या आईने विचारलं, त्या ओले बोंबील खातात का? मी म्हटलं, कोंबडीशी पोर्तुगीज बोलणारी बाई बोंबील सोडेल का? तरी कळव.

तीन, तुझे शब्द: 'तुम्ही घरात हवे. आईवर टाकून कानाला रेडिओ लावून बसायचं नाही. मी लहान असताना तेच केलंत. दवाखान्यात न्यायचं झालं तर तुम्हीच रिक्षा आणायची, तुम्हीच बाहेर बसायचं.'

मान्य. कोपऱ्यावरच्या रामा रिक्षावाल्याला सांगून ठेवलं आहे, दिवस-रात्र कधीही. विठ्ठलवाडीला तुझ्या मावशीकडून बाजेची दोरी आणली, बाज नव्याने विणली. रेडिओ पडवीतच राहील.

दुमिंगाबाईंना सांग, दहापैकी पाचपर्यंत तयारी झाली आहे. बाळाशी त्या त्यांच्या भाषेत बोलल्या तर माझी हरकत नाही. तुझी आई कोळ्यांचं बोलेल. मी मधे पडणार नाही, फक्त ऐकेन. पुढे त्याला वाचता येईल की नाही, ते त्याचं तो बघेल.

उशी आणू नकोस, इथे तीन आहेत.

तुझे,
बाबा

ता. क. हे पत्र रविवारी चिकटवलं होतं, टाकायचं राहिलं, ते वाफेवर उघडून पुढचं लिहितो आहे.

काल, मंगळवारी, भगवानशेठ स्वतः कल्याणहून घरी आले. तुझी आई बाजारात होती, तिला यातलं माहीत नाही. शेठना बेइराला आपला माणूस हवा आहे, काजू बघून घ्यायला आणि तिथल्या लोकांशी बोलायला. एक डिसेंबरचं विमान. मी म्हटलं, डिसेंबरात जमणार नाही. ते म्हणाले, "मग कधीच नाही जमणार. काजू काय उन्हाळ्यात येतो तिकडे?" मी म्हटलं, बरं. ते बसून राहिले. म्हणाले, "गुणाजी, जन्मभर कान लावून बसलास त्या भाषेला. ती जिथे रस्त्यावर बोलतात तिथे मी फुकट पाठवतोय, आणि तू नाही म्हणतोस?"

मी म्हटलं, "शेठ, ती तीन तारखेला माझ्या घरी येते आहे."

त्यांना ते समजलं नाही. दुसरा माणूस बघतो म्हणाले आणि गेले. कारखान्यात मला हातात तीन हजार दोनशे पडतात, हे तुला माहीत आहे. एखादी गोष्ट अर्धी लिहायची मला सवय नाही, म्हणून पूर्ण लिहितो, यावर तू काही उत्तर द्यायची गरज नाही: दोन वर्षं, जायचं-यायचं विमान, बेइराला समुद्रासमोर राहायला घर, आणि महिना अकरा हजार रुपये.